सेसना १७२ला ‘उडती तिरडी’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला वहिनींचा फोन आला. “भाऊजी, मी उद्याच तिला परत बोलावून घेतो. नको ते विमान आणि नको ते पायलट होणं.” माझी पुतणी कमर्शियल पायलटचं लायसन्स काढायला बाहेरगावी शिकते, सेसना १७२ या एका इंजिनाच्या लहान विमानावर. त्या संध्याकाळी आमच्या तालमीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज पडला होता. तिथून तो भाऊबंदांत गेला, भाऊबंदांतून वहिनींच्या माहेरी, आणि तिथून फिरून वहिनींच्याच फोनवर. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनाही आला असेल. वर जळालेल्या विमानाचा फोटो, त्याखाली ठळक अक्षरांत ‘उडती तिरडी’, आणि शेवटी ‘आपली लेकरं वाचवा, दहा जणांना पाठवा’.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. जगात सगळ्यात जास्त अपघात सेसना १७२ चे होतात. इंजिन बंद पडलं की हे विमान दगडासारखं खाली येतं. धोकादायक ठरल्यामुळे कंपनीनंच ते १९८६ ला बंद केलं. शिकणाऱ्या पोरांच्या गळ्यात आता चाळीस-पन्नास वर्षांचं भंगार मारलं जातं. माधवराव शिंदे, संजय गांधी, केनेडींचा मुलगा, नटी सौंदर्या हे सगळे असल्याच विमानात गेले. म्हणून पोरांना शिकवायचंच असेल तर दोन इंजिनांच्या विमानावरच शिकवा.

मी पायलट नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं शॉप आहे. तीस वर्षं इंजिनांचे हेड उघडतो, ब्लॉक बोअर करतो, व्हॉल्व्ह बसवतो. पुतणी शिकायला गेली तेव्हा तिच्यापेक्षा मला जास्त धास्ती होती. म्हणून तिच्याकडून त्या विमानाचं हँडबुक मागवून घेतलं आणि रात्री बसून अपघातांचे अहवाल वाचायला लागलो. दोन वर्षं तेच वाचतोय. त्या वाचनावर सांगतो, या मेसेजनं आईबापांना चुकीच्या गोष्टीची भीती घातली आहे, आणि ज्याची खरोखर भीती बाळगायला हवी त्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. मला राग येतो तो याचा.

पहिला मुद्दा, सगळ्यात जास्त अपघात. आकडा म्हणून हे खरंही असेल. सेसना १७२ पहिल्यांदा उडालं जून १९५५ मध्ये आणि तेव्हापासून ४४,००० च्या वर विमानं बनली. जगात दुसरं कुठलंही विमान इतक्या संख्येनं बनलेलं नाही. कोल्हापुरात आज बैलगाडीचे अपघात फारसे ऐकू येत नाहीत, म्हणून बैलगाडी मोटरसायकलपेक्षा सुरक्षित झाली का? रस्त्यावर बैलगाड्याच उरल्या नाहीत. मोजायचं तर किती तास उडालं आणि त्यात किती जीव गेले, असं मोजावं लागतं. अमेरिकेत खाजगी आणि शिकाऊ उड्डाणांचा एकंदर हिशोब घेतला तर अलीकडच्या वर्षांत लाख तासांमागे साधारण एक जीवघेणा अपघात असं प्रमाण आहे. सेसना १७२ चं प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपास धरलं जातं. आणि हे विमान कुणाच्या हातात असतं तेही बघा. परवापर्यंत स्कूटी चालवणाऱ्या अठरा वर्षांच्या पोरांच्या हातात.

शिकाऊ विमान तासाभरात सात-आठ वेळा धावपट्टीवर उतरतं आणि परत उठतं. त्यामुळे १७२ च्या अपघातांचा सगळ्यात मोठा गठ्ठा उतरतानाचाच आहे. वेग जास्त राहिला, विमान टप्पा खाऊन उडालं, घाबरून पोरानं नाक खाली दाबलं आणि पुढचं चाक आधी टेकलं. मग चाकाचा दांडा मागे दबतो आणि इंजिनाच्या मागचा पत्रा, ज्याला फायरवॉल म्हणतात, त्याला सुरकुती पडते. खर्च लाखांत जातो, पोरगं उतरून चालत येतं. नोंदीत हा अपघात असतो, आणि मेसेजवाले तोही ‘तिरडी’च्या हिशोबात धरतात.

दुसरा मुद्दा दगडासारखं पडण्याचा. हा साफ खोटा आहे. इंजिन विमानाला पुढे ओढतं, उचलतात ते पंख. इंजिन थांबलं तरी पंख जागेवर असतात आणि विमान उतारावरच्या सायकलीसारखं घरंगळत पुढे जात राहतं. १७२ एक फूट खाली येतं तेव्हा सुमारे नऊ फूट पुढे गेलेलं असतं. आपल्या गावात मोजून बघू. समजा हे विमान अंबाबाईच्या देवळावर जमिनीपासून तीन हजार फुटांवर आहे आणि इंजिन गेलं. वारा नसेल तर ते आठेक किलोमीटर जाईल, म्हणजे उजळाईवाडीच्या विमानतळाची धावपट्टी जेमतेम हाताला लागेल. शिवाजी विद्यापीठावर असेल तर निवांत पोचून वर उंची शिल्लक राहील. खाली यायला जवळजवळ चार मिनिटं मिळतात. तेवढ्या वेळात टाकी बदलून बघायची, इंजिन पुन्हा चालू होतंय का बघायचं, रेडिओवर सांगायचं आणि शेत हेरायचं. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा, पूर्ण सोडून नीट उतरवलं तर जमिनीला टेकताना वेग ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटर असतो. हायवेला आपण त्याहून जास्त वेगानं बेळगावला जातो. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत एक शिकाऊ विमान शेतात कोसळलं. आत एकटी शिकाऊ पायलट होती. जखमी झाली, पण वाचली. त्या पोरीच्या आईबापांना त्या दिवशी काय वाटलं असेल याची मला कल्पना आहे. तरीही जे घडलं ते घडलं तसंच सांगायला हवं.

आता मेकॅनिक म्हणून जरा इंजिनाबद्दल. अगदी जुनी मॉडेलं सोडली तर चार सिलिंडर, समोरासमोर झोपलेले, हवेवर थंड होणारे. आमच्याकडे येणाऱ्या कुठल्याही डिझेल इंजिनापेक्षा रचनेला साधं. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, आणि ते दोन वेगळ्या मॅग्नेटोंवर. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतःच बनवतो, त्यामुळे बॅटरी मेली, अल्टरनेटर गेला तरी इंजिन चालूच राहतं. उड्डाणाआधी एकेक मॅग्नेटो बंद करून बघतात. इंजिनाचे मिनिटाचे फेरे थोडे उतरतात, पण १५० च्या वर उतरले तर विमान जागचं हलत नाही. टाक्या वर पंखात असतात, पेट्रोल घराच्या टाकीतल्या पाण्यासारखं आपल्या वजनानं खाली येतं. जुन्या कार्बोरेटरवाल्या मॉडेलांना इंधनाचा पंपसुद्धा लागत नाही. १९५८ च्या डिसेंबरात लास व्हेगासला दोन माणसांनी एक सेसना १७२ हवेत नेलं आणि ते फेब्रुवारी १९५९ मध्ये खाली आणलं. ६४ दिवस, २२ तास, १९ मिनिटं. खालून ट्रक पळायचा, वरून दोरी सोडून नळी वर घ्यायची आणि पेट्रोल भरायचं. दीड हजार तासांच्या वर ते इंजिन एकदाही न थांबता चाललं. मी माझ्या हातानं बांधलेल्या इंजिनाची अशी खात्री देऊ शकणार नाही.

मग इंजिनं बंद का पडतात? पडतात. पण अहवाल उघडलात तर त्यातली कितीतरी ‘इंजिन बंद’ प्रकरणं रिकाम्या टाकीची निघतात. नाहीतर पेट्रोलात पाणी असतं. नाहीतर कार्बोरेटरमध्ये बर्फ धरलेला असतो. बर्फ म्हटल्यावर लोक हिमालयाकडे बघतात, पण दमट हवेत बाहेर वीस-पंचवीस अंश तापमान असतानाही कार्बोरेटरच्या नळीत बर्फ धरतो. पेट्रोलची वाफ होताना आतली हवा एकदम गार पडते. आपल्याकडची श्रावणातली हवा त्याला अगदी पोषक. त्यावर उपाय म्हणून पॅनेलवर एक खटका असतो, तो ओढला की गरम हवा आत येते. खटका वेळेत ओढायचं काम माणसाचं. १९९६ नंतरच्या मॉडेलांत कार्बोरेटरच नाही, फ्युएल इंजेक्शन आहे, त्यामुळे तिथे ही भानगड उरली नाही.

पाण्याचं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गेल्या थंडीत पुतणीला भेटायला गेलो होतो. सकाळी सहाला ती विमानाखाली वाकून बसली होती, हातात पारदर्शक प्लास्टिकचा पेला. नव्या १७२ ला इंधन तपासायच्या तेरा जागा आहेत, दोन्ही पंखांखाली पाच-पाच आणि पोटाखाली तीन. प्रत्येक ठिकाणी पेला दाबायचा, थोडं पेट्रोल घ्यायचं, आभाळाकडे धरून बघायचं. विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं आणि पाणी जड, म्हणून ते तळाला जाऊन बसतं. नवव्या की दहाव्या पेल्यात तळाशी साबुदाण्याएवढा एक गोल थेंब होता. निळ्याखाली बिनरंगी, पेला हलवला की सरकणारा. तिनं तो फेकला, परत घेतलं, परत थेंब. चौथ्यांदा स्वच्छ आलं, तरी तिनं आणखी दोनदा घेतलं. इन्स्ट्रक्टर बाजूला हाताची घडी घालून उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. मी विचारलं, “अगं, एवढ्याशा थेंबानं काय होतंय?” ती म्हणाली, “काका, एवढासा तळाला सापडला. वर किती हलतोय कुणाला माहीत?”

काही जुन्या १७२ च्या टाकीची झाकणं पंखाच्या पत्र्याला समपातळीत असायची. रबरी वायसर जुना झाला की पावसाचं पाणी आत झिरपायचं. विमानाचा हा खरा दोष होता आणि तो लपवायचं काही कारण नाही. दुसरा दोष सीटचा. सीट रुळावर मागेपुढे सरकते. खाच झिजलेली असली किंवा खिटी नीट बसलेली नसली तर उड्डाणाच्या वेळी नाक वर झालं की सीट सर्रकन मागे जाते, आणि हातातल्या दांडीसकट माणूसही मागे जातो. दांडी मागे म्हणजे नाक आणखी वर. यात माणसं मेली आहेत. १९८७ मध्ये अमेरिकेच्या विमान खात्यानं सीटचे रूळ, खाचा आणि खिट्या मापून तपासण्याचा सक्तीचा आदेश काढला. तिसरा दोष माझ्या धंद्यातला. १९७७ ते १९८० च्या १७२ ना जे १६० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं, त्याचे व्हॉल्व्ह हलवणारे कॅमशाफ्ट आणि टॅपेट लवकर झिजायचे. १९८१ च्या मॉडेलपासून ते इंजिन काढून दुसरं दिलं. मेसेज लिहिणाऱ्याला दोष दाखवायचेच होते तर हे दाखवायचे. निदान त्यातून कुणी खिटी तरी ओढून बघितली असती.

‘कंपनीनं १९८६ ला बंद केलं’ हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं. उत्पादन १९८६ ला थांबलं ते विमान धोकादायक ठरलं म्हणून नव्हे. त्या काळी अमेरिकेत वीस-तीस वर्षांपूर्वी विकलेल्या विमानाचा अपघात झाला तरी बनवणाऱ्या कंपनीवर खटला भरता यायचा. विम्याचे हप्ते वाढून विमानाच्या किमतीत चढायला लागले, मागणीही बसली, आणि लहान विमानांचे सगळेच कारखाने रडकुंडीला आले. १९९४ ला तिकडे कायदा झाला की लहान विमान अठरा वर्षांपेक्षा जुनं असेल तर साधारणपणे कंपनीवर दावा चालणार नाही. त्यानंतर लगेच, १९९६ मध्ये, हेच विमान कॅन्सास राज्यात नव्या कारखान्यात पुन्हा बनायला लागलं आणि अजून बनतं आहे. मेसेजमध्ये १९८६ आहे, १९९६ नाही.

भंगाराच्या मुद्द्यावर मी थोडा थांबतो, कारण यात खोट सगळीच नाही. विमानाचं वय मोटारीसारखं मोजत नाहीत. दर १०० तासांनी उघडून तपासणी, इंजिन साधारण २,००० तासांनी पूर्ण खोलून ओव्हरहॉल, प्रत्येक सुट्या भागाची वहीत नोंद. जुन्या विमानांसाठी कंपनीनं पंख, त्यांचे टेकू, जोड यांत गंज आणि चिरा शोधायच्या जादा तपासण्याही घालून दिल्या आहेत. हे सगळं झालं तर चाळीस वर्षांचं १७२ चांगलं विमान आहे. न झालं तर चार वर्षांचंही वाईट. आमच्या शॉपमध्ये एका गिऱ्हाइकाचं पंचवीस वर्षांचं इंजिन येतं, अजून पहिल्या लायनरवर आहे, आणि दुसऱ्याचं दोन वर्षांचं येतं ते ऑइलच न बदलल्यानं जाम झालेलं. सालावरून काही कळत नाही, वही मागा.

आता नावाजलेल्या माणसांची यादी. ही वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण मेलेल्या माणसांचा असा वापर करायला नको होता. माधवराव शिंदे ३० सप्टेंबर २००१ ला मैनपुरीजवळ खराब हवामानात गेले. ते विमान बीचक्राफ्ट किंग एअर सी-९० होतं, दोन टर्बाइन इंजिनांचं. त्या वेळी बऱ्याच बातम्यांत ‘सेसना’ छापून आलं, ती चूक आजतागायत फिरते आहे. संजय गांधी २३ जून १९८० ला दिल्लीत गेले ते पिट्स एस-२ए मध्ये. हे कसरतींसाठीच बांधलेलं दुहेरी पंखांचं विमान, आणि ते कमी उंचीवर कसरती करत होते. केनेडींचा मुलगा १६ जुलै १९९९ ला समुद्रात पडला तो पायपर साराटोगामध्ये. रात्र, समोर धूसर हवा, खाली काळं पाणी, क्षितिज दिसेना, वर-खालीचं भानच हरपलं. अमेरिकेच्या तपास मंडळानं कारण तेच नोंदवलं. सौंदर्या १७ एप्रिल २००४ ला बंगळूरला गेली ते विमान मात्र सेसनाचंच होतं, पण १८०. शेपटीखाली चाक असलेलं, जास्त ताकदीचं, वेगळ्याच हाताळणीचं. चार नावं आणि त्यात १७२ एकही नाही. कंपनी एक म्हणून विमान एक धरायचं असेल, तर मग ट्रकच्या अपघातावरून त्याच कंपनीच्या मोटारीला नावं ठेवावी लागतील.

त्या यादीतलं पहिलंच विमान दोन इंजिनांचं होतं, आणि मेसेजचा सल्ला काय तर दोन इंजिनांचंच घ्या. लहान पिस्टन विमानाला दोन इंजिनं असली की ती दोन पंखांवर असतात. उड्डाणानंतर लगेच, वेग कमी असताना एक बंद पडलं, तर चालू असलेलं इंजिन एक बाजू पुढे ओढतं. बैलजोडीतला एक बैल बसला आणि दुसरा ओढतच राहिला तर गाडी कशी फिरते ते ज्यानं पाहिलं आहे त्याला जास्त सांगायला नको. रडर, म्हणजे शेपटीचं उभं सुकाणू, पायानं दाबून, बंद इंजिनाच्या पंख्याची पाती वाऱ्याला धार करून वळवून, वेग सांभाळून हे काही सेकंदांत जमवावं लागतं. वेग ठरावीक आकड्याखाली गेला तर रडर पुरत नाही आणि विमान पाठीवर पडतं. म्हणून सगळीकडे पोरं आधी एका इंजिनावर शिकतात आणि मग दोनवर जातात. आपल्याकडे कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात, त्यातले बहुतेक तास एकाच इंजिनाचे.

विमान चांगलं म्हणून माणूस वाचतो, असंही नाही. डायमंड डीए-४० या विमानाची सुरक्षेची नोंद जगात उत्तम गणली जाते. मार्च २०२३ मध्ये गोंदियाजवळच्या बिरसीहून उडालेलं असलंच एक विमान बालाघाटच्या डोंगरात पडलं, आतली दोन्ही तरुण माणसं गेली. सिरसच्या विमानांत अख्ख्या विमानासाठी पॅराशूट असतं, वर दांडा ओढला की उघडतं. तरीही सुरुवातीच्या वर्षांत त्या विमानांचे जीवघेण्या अपघातांचे आकडे इतर विमानांपेक्षा सरस नव्हते. लोक दांडा ओढायचेच नाहीत किंवा फार उशिरा ओढायचे. शिकवण्याची पद्धत बदलली, ‘शंका आली की ओढ’ असं घोकून घेतलं, त्यानंतर आकडे खाली आले. पॅराशूट तेच होतं.

मग मारतं काय? पहिलं ढग. ज्याला उपकरणांवर उडवायचं शिक्षण नाही असा पायलट ढगात शिरला की काय होतं, याचा अभ्यास १९५४ ला इलिनॉय विद्यापीठात झाला. असे वीस पायलट घेतले. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. ढगात कान खोटं सांगतो. विमान वळत असतं आणि शरीराला वाटतं सरळ चाललंय. आपल्याकडे जूनपासून पन्हाळा दिवसदिवस दिसत नाही, गगनबावड्याला रस्त्यावर समोरची गाडी दिसत नाही. घाटाच्या बाजूला ढगाचा तळ आणि डोंगराचा माथा यांत फट उरत नाही. तिथे १७२ असो की दुसरं काही, फरक पडत नाही. ‘बघू, पुढे उघडेल’ हे शब्द मारतात.

दुसरं, उतरण्याआधीचं शेवटचं वळण. धावपट्टी हुकतेय असं वाटलं की पोरगं विमान जास्त कलवतं, पायानं रडर देऊन नाक आत ओढतं आणि उंची राखायला दांडी मागे खेचतं. सरळ उडताना जे विमान ५० नॉटला (ताशी सुमारे नव्वद किलोमीटरला) स्टॉल होतं, म्हणजे पंखांची पकड सोडतं, तेच ६० अंश कललेलं असताना ७० ला सोडतं. एक पंख आधी सोडतो आणि विमान भोवऱ्यासारखं फिरत खाली जातं. १७२ या भोवऱ्यातून सहज बाहेर येतं, त्याबाबतीत फार गुणी विमान आहे. पण एक फेरा आणि बाहेर येणं यात सुमारे हजार फूट जातात. शेवटच्या वळणावर पाचशेच असतात. उड्डाणानंतर लगेच इंजिन गेलं की मागे वळून धावपट्टी गाठायचा मोहही असाच. समोर ऊस उभा असला तरी समोरच उतरायचं, हे पोरीला मी स्वतः दहा वेळा म्हणायला लावलं आहे.

तिसरं, वजन आणि ऊन. नव्या १७२ चं कमाल वजन ११५७ किलो. रिकामं विमान साधारण साडेसातशेच्या वर, दोन्ही टाक्या भरल्या की आणखी १४४. उरतात अडीचशे किलो. सीट चार आहेत, पण आपल्याकडचे चार धडधाकट गडी अडीचशेत बसत नाहीत. उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ ला राजाराम महाराजांच्या काळात सुरू झाला. तो आहे समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर, म्हणजे दोन हजार फूट. मे महिन्यात दुपारी ३८ अंश असताना तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण पाच हजार फुटांच्या वर असल्यासारखं वाटतं. धावपट्टीवरची धाव समुद्रकाठच्या गार सकाळीपेक्षा दीडपट होते, चढही बराच मंदावतो. हँडबुकात याचे तक्ते आहेत. ते उघडायला पाच मिनिटं लागतात.

वहिनींना मी हे सगळं बसून सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “म्हणजे भीती हायच की.” आहेच. मी नाही म्हणत नाही. पण मग पोरीला परत बोलवायच्या आधी तिला चार गोष्टी विचारा म्हटलं. तुझ्या विमानाची तपासणीची वही तुला बघायला देतात का? तासांच्या घाईत पेट्रोल तपासायचं राहतं का? दिवसाला किती वेळ उडवतात, झोप किती होते? आणि ढग खाली आहेत म्हणून तू नाही म्हणालीस तर तिथे कुणी तोंड वाकडं करतं का?

वहिनींनी तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर. पहिल्या तीन प्रश्नांना पोरीनं पटापट उत्तरं दिली. चौथ्याला थोडी थांबली. मग म्हणाली, “गेल्या महिन्यात दोनदा नाही म्हणाले, आई. एकदा सर काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदा म्हणाले, बरं केलंस.” वहिनींनी फोन ठेवला, आत जाऊन चहा टाकला, आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, “तो मेसेज आमच्या मावशीला तुम्हीच समजावा. मी सांगतो तर ऐकत न्हाई.” म्हणून हे लिहिलं.